घोडा मुद्दाम दिला

श्रोतेहो, नमस्कार. जवळ बुद्धिबळाचा पट असेल तर मांडून बसा, नसेल तर डोळे मिटा. आत्ता लक्ष्मी रोडवर गाडी चालवत असाल, तर मात्र मिटू नका.

पांढरा राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवतो, काळाही तेच करतो. पांढऱ्याचा घोडा त्या प्याद्यावर रोखून बाहेर येतो. काळा प्यादं राखायच्या भानगडीत न पडता आपलाही घोडा काढतो. हा पेट्रॉव्ह बचाव, काळ्याने डाव सुरू करायची एक ठरलेली पद्धत. भक्कम खरा, पण बिनफोडणीच्या वरणासारखा. पांढरा ते प्यादं मारतो आणि काळा वजिरापुढचं प्यादं एक घर सरकवून घोड्याला हुसकावतो. शहाणी माणसं इथे घोडा मागे घेतात. आपण तो थेट एफ-७ च्या, म्हणजे काळ्या राजाकडच्या उंटापुढच्या प्याद्यावर घालायचा. तिथून तो वजीर आणि हत्ती दोघांवर डोळा ठेवतो, म्हणून राजाला तो मारावाच लागतो. हिशेब काय झाला? घोडा गेला, दोन प्यादी आली, आणि काळ्याचा किल्लेकोट कायमचा बुडाला.

हा कॉक्रेन गॅम्बिट. गॅम्बिट म्हणजे पुढच्या फायद्यासाठी सुरुवातीलाच मुद्दाम काहीतरी देऊन टाकणं. हा शब्द इटालियन, १५६१ मध्ये रुय लोपेझ या स्पॅनिश पाद्री-खेळाडूने तो बुद्धिबळात आणला. मूळ अर्थ पायात पाय घालून पाडणं. तालमीत याला टांग म्हणतात, म्हणजे आपल्याला नवीन काही नाही. जॉन कॉक्रेन हा कलकत्त्यातला बॅरिस्टर. १८४८ मध्ये त्याने हा घोडा ज्यांच्यावर घातला, ते मोहेशचंद्र बॅनर्जी देशी नियमांवर वाढलेले. त्या खेळात प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चालायचं. काळ्याच्या ज्या सुरुवातींना आज जगभर ‘इंडियन डिफेन्स’ म्हणतात, त्या नावाचं मूळ बॅनर्जींच्या डावांत आहे. आणि हा गॅम्बिट निव्वळ हौशी लोकांचा म्हणाल, तर १९९९ मध्ये स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत टोपालोव्ह या ग्रँडमास्टरने तो क्रामनिक या ग्रँडमास्टरवर खेळला. डाव बरोबरीत सुटला.

मी सदाशिव पेठेतल्या आमच्या गॅलरीत दोन पावसाळे यावर घालवले. सगळ्यात जड गेली ती पुढची एकच खेळी. घोडा दिल्यावर हात शिवशिवतो, उंटाने शह द्यावासा वाटतो. काळा डी-५ वर प्यादं आडवं घालतो आणि उंटाचं तोंड बंद. खरी खेळी म्हणजे वजिरापुढचं प्यादं गुपचूप दोन घरं सरकवणं. घरचा घोडा वाटून बसलोय, शह देता येतोय, तरी द्यायचा नाही! हे पाठ होतं, अंगात मुरत नाही.

यानंतर काळ्याने लोभाने आपलं ई-४ चं, म्हणजे पहिल्याच खेळीतलं प्यादं घोड्याने मारलं, तर मजा. आपल्या वजिराचा एच-५ वरून शह. काळा जी-प्यादं मध्ये घालतो. वजिराचा डी-५ वरून पुन्हा शह, आणि तो घोडा आपल्या ताटात. घोडा वसूल, वर एक प्यादं जास्त. या एका फसगतीवर मी गल्लीत बरेच डाव मारलेत. कॉम्प्युटरला विचाराल, तर तो काळ्याच्याच बाजूने कौल देतो. मला ते मान्य आहे. पण कॉम्प्युटरच्या राजाला घाम फुटत नाही, समोरच्या माणसाच्या हाताला फुटतो.

निदान मी असं समजत होतो. गेल्या उन्हाळ्यात एका रॅपिड स्पर्धेत समोर बारा-तेरा वर्षांची मुलगी आली. मी घोडा घातला. तिने राजाने तो मारला, ई-४ च्या प्याद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जी-प्यादं एक घर, राजा जी-७ वर, झाली घराची कडी लावून. पुढे पन्नासेक खेळ्या माझं एक मोहरं कमी ते कमीच.

हात मिळवताना तिने विचारलं, “काका, तो घोडा मुद्दाम दिला होतात का चुकून गेला?”

मी म्हणालो, मुद्दाम.

“मग परत एकदा खेळू या? माझी आई यायला अजून वेळ आहे.”

मी पुन्हा पांढरी घेतली.