गुरगुरण्याच्या आधी

(एका गृहसंकुलातील पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. "घाबरू नका, शेपूट हलवतोय ना, काही करणार नाही तो." हे वाक्य लिफ्टमध्ये किंवा जिन्यात आपण सगळ्यांनी ऐकलंय. कुत्रा चावल्यावर माझ्याकडे जी मंडळी येतात, तीही हेच सांगतात, "अहो, शेपूट तर हलवत होता!" हलवत असेलच. शेपूट हलते म्हणजे कुत्र्याच्या मनात खळबळ आहे, एवढंच कळतं. ती आनंदाची, भीतीची की रागाची, हे एकट्या शेपटीवरून ठरत नाही. शेपूट सैल आहे आणि तिच्याबरोबर अख्खी कंबर डुलतेय, तर गडी खुशीत आहे. तीच शेपूट उंच, ताठ, आणि नुसतं टोक थरथरतंय, तर हात पुढे करू नका. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी ३० कुत्र्यांच्या शेपट्या कॅमेऱ्याने मोजल्या. मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त जात होती, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. जिन्यात उभं राहून तुम्हाआम्हाला हे टिपता येणार नाही. आपल्याला बघायचंय ते सबंध अंग.

ते बघायला डार्विनने फार सुंदर शिकवलंय. १८७२ सालच्या पुस्तकात तो एका कुत्र्याचं वर्णन करतो. समोरून कुणीतरी परकं येतंय, म्हणून कुत्रा ताठ पावलं टाकतोय, मानेवरचे केस उभे, कान पुढे, नजर रोखलेली. तेवढ्यात त्याला उमगतं, अरे, हे तर आपलेच धनी! क्षणात सगळं पालटतं. अंग खाली झुकतं, वळवळायला लागतं, शेपूट खाली येऊन हलू लागते, कान मागे जातात. डार्विनचा मुद्दा असा, की परस्परविरुद्ध भावनांना शरीरही परस्परविरुद्ध आकार देतं. म्हणून पहिला प्रश्न एकच: अंग सैल आहे की ताठ? कान, शेपूट, केस नंतर. उभे केसही एकट्याने राग सांगत नाहीत, खेळाच्या भरातही ते उभे राहतात.

रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही हाच नियम लागू. आणि एक लक्षात घ्या, आपण त्यांना वाचो न वाचो, ते आपल्याला वाचत असतात. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी भटक्या कुत्र्यांसमोर दोन वाडगी ठेवून एकाकडे बोट दाखवलं. कसलंही शिक्षण नसताना, जे कुत्रे जवळ आले त्यांतल्या बहुतेकांनी बोट दाखवलेलंच वाडगं गाठलं. रात्री गेटबाहेर एखादा कुत्रा ताठ उभा राहून बघत असेल, तर आपलं अंग त्याला काय सांगतंय याचा विचार करा. डोळ्याला डोळा लावणं, वाकून डोक्यावर हात नेणं, सरळ अंगावर चालून जाणं ही त्याच्या लेखी धमकी आहे. पळू नका. जरा तिरकं वळा, नजर बाजूला करा आणि सावकाश निघा.

आता चेहरा. इथे आपण हमखास फसतो. चप्पल फाडलेली असते, कुत्रा कान पाडून, नजर चुकवून बसतो आणि आपण म्हणतो, "बघा, कळतंय त्याला काय केलंय ते." न्यूयॉर्कच्या श्वान-संशोधक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये हेच तपासलं. खाऊला तोंड लावायचं नाही असं सांगून मालक खोलीबाहेर जायचा. मागे काय घडलं, ते त्याला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. तो 'अपराधी' चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की दिसत होता. निर्दोष असून बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तर तो अधिकच दिसला. म्हणजे तो पश्चात्ताप नव्हे. कुत्रा म्हणतोय, "तुम्ही चिडलाय, शांत व्हा."

तुमच्या फोनमध्ये बहुधा एक फोटो असेल. मुलाने कुत्र्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकलेत आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. तो फोटो आज मोठा करून बघा, मुलाकडे नको, कुत्र्याकडे. तोंड घट्ट मिटलंय का? कान मागे चिकटलेत का? मान मुलापासून उलट दिशेला वळवलीय का? डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसतेय का? खायला काही नसताना जिभेचं टोक नाकाकडे गेलंय का? यातल्या दोन-तीन गोष्टी दिसल्या, तर तो लाडाने सुखावलेला नाहीये, सुटकेची वाट बघतोय. मिठी माणसांची. बहुतेक कुत्र्यांना ती अडकवल्यासारखी वाटते.

इथे माझी कळकळीची विनंती आहे. जांभई दिली, मान वळवली, उठून पलंगाखाली गेला, अंग झटकलं, इतकं सगळं सांगून झाल्यावर बिचारा गुरगुरतो, आणि आपण त्याला फटका देतो. त्यातून तो एवढंच शिकतो, की गुरगुरलं की मार बसतो. मुलाबद्दलची त्याची भीती तशीच राहते, सूचना मात्र बंद होते. पुढच्या वेळी तो सरळ चावतो आणि घरचे म्हणतात, "काही कारण नसताना चावला." गुरगुरला तर मुलाला शांतपणे बाजूला घ्या. कुत्र्याला ओरडू नका. मग तो कशामुळे अस्वस्थ झाला ते शोधा, आणि दुखतंय-खुपतंय का हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. कानाचं किंवा सांध्याचं दुखणं असलेला कुत्रा हात लावू देत नाही, यात नवल नाही.

मुलांना एक गोष्ट आजच शिकवा. कुत्र्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. आला, तर छातीला किंवा खांद्याला तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. तो आणखी जवळ सरकला, नाकाने हात ढोसला, तर पुन्हा तीन सेकंद. नुसता उभा राहिला, ओठ चाटले, तोंड फिरवलं, तर आज नको. हे मुलाला त्याच क्षणी बोलून दाखवा, "बघ, त्याने मान वळवली, त्याला आता नकोय." चार-पाच वर्षांच्या मुलाला दात विचकलेला कुत्रा हसतोय असं वाटू शकतं, म्हणून मूल एवढं लहान आहे तोवर मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच, स्वयंपाकघरातून लक्ष ठेवून भागत नाही.