गारेगार दहा येनांनी महागलं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

महागाईवर बोलायचं म्हटलं की तूरडाळीपासून सुरुवात करायची रीत आहे. मी ती आज मोडणार आहे. डाळ, तेल, सिलिंडर, शाळेची फी यांचं काय झालंय हे तुम्हाला मी सांगायला नको. महिनाअखेरीला वहीत हिशेब मांडणाऱ्या बाईला महागाई जितकी कळते तितकी ती फार थोड्यांना कळते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आज आपण उलट्या बाजूनं जाऊ. ज्या देशात भाव वाढतच नव्हते, वर्षानुवर्षं वाढत नव्हते, मधूनमधून थोडे उतरतच होते, त्या देशात जाऊ. भाव वाढले की महागाई, भाव उतरत गेले की भावघट. पुस्तकात तिला चलनघट म्हणतात. आपण भावघटच म्हणू.

देश जपान. आणि गोष्ट आहे एका गारेगाराची.

शाळेच्या फाटकाशी सायकलला लाकडी पेटी बांधून गारेगारवाला यायचा, आठवतंय? काडीवरचा रंगीत बर्फ, चोखता चोखता कोपरापर्यंत ओघळ. जपानी मुलांचंही एक असंच गारेगार आहे, आणि त्याचं नाव ऐका: गारिगारी-कुन! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा आपलाच शब्द तिकडं कसा पोचला? तसं काही नाही. आपलं गारेगार ‘गार’वरून आलं. त्यांचं गारिगारी म्हणजे बर्फ दातांखाली फोडताना होणारा आवाज, आणि ‘कुन’ हा मुलग्यांच्या नावापुढं लावायचा शब्द. वेष्टनावर बारीक केस कापलेल्या, भलंमोठं तोंड उघडलेल्या एका पोराचं चित्र. फिकट निळा रंग, सोड्याची चव. खाऊन झाल्यावर काडीवर ठरावीक अक्षरं निघाली की दुकानात जाऊन दुसरं फुकट घ्यायचं. त्या काडीसाठी पोरं जीव टाकत.

हे गारेगार १९८१ साली बाजारात आलं. किंमत ५० येन. १९९१ मध्ये ती ६० येन झाली. आणि मग? मग ६० येनच राहिली. १९९५ ला ६०, २००० ला ६०, २०१० ला ६०. ज्या पोरानं १९९१ मध्ये ते खाल्लं तो बाप झाला, आपल्या पोराला दुकानात घेऊन गेला, आणि त्यानंही ६० येनच मोजले. आता तुम्ही मनात आठवा, १९९१ साली तुम्ही वडापाव कितीला घेत होतात, आणि २०१५ साली कितीला. आठवलं? तिथं पंचवीस वर्षं तेच गारेगार, तीच किंमत.

२०१६ साल आलं. कच्चा माल महागलेला, वाहतूक महागलेली. बनवणारी कंपनी अकागी न्यूग्यो, टोकियोच्या शेजारच्या सायतामा प्रांतातली. तिनं ठरवलं, आता निभत नाही, १० येन वाढवायचे. साठाचे सत्तर. तेव्हाच्या दरानं दहा येन म्हणजे आपले साधारण सहा रुपये.

आता हे लोकांना सांगायचं कसं?

१ एप्रिल २०१६. आपल्यासारखंच तिथंही नवं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. टीव्हीवर एक जाहिरात लागली, एका मिनिटाची. कारखान्यासमोर माणसं ओळीनं उभी आहेत. पुढं काळ्या सुटातले साहेब, खुद्द अध्यक्षसुद्धा. मागं पांढऱ्या कपड्यांतले कामगार. शंभराहून अधिक माणसं. कुणी हसत नाही, कुणी हलत नाही. मागं एक जुनं, संथ गाणं वाजतंय, तेही भाववाढीवरचंच. कॅमेरा हळूहळू पुढं सरकतोय. तुम्ही वाट पाहताय की आता कुणीतरी बोलेल. कुणी बोलत नाही. शेवटी सगळेच्या सगळे एकदम कमरेत वाकतात. पडद्यावर अक्षरं येतात. आशय एवढाच, की पंचवीस वर्षं नेटानं धरून होतो, पण आता... साठाचे सत्तर.

बस. जाहिरात संपली.

मी ही जाहिरात किती वेळा पाहिली असेल सांगता येत नाही, आणि दर वेळी त्या वाकण्यापाशी माझा घसा दाटून येतो. कारण जपानमध्ये कंपनीचे साहेब कॅमेऱ्यासमोर असे कधी वाकतात? फार मोठी चूक झाली की. १९९७ च्या नोव्हेंबरात यामाइची ही शेअर दलालीची शंभर वर्षांची पेढी बुडाली, तेव्हा तिचे अध्यक्ष पत्रकारांसमोर रडत सांगत होते, दोष आमचा आहे, कर्मचाऱ्यांचा नाही. ते दृश्य जपानमधलं त्या पिढीचं माणूस विसरलेलं नाही. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या होत्या. ती माफी समजते. पण दहा येनांसाठी माफी? गारेगाराच्या भावासाठी माफी?

कंपनीला धास्ती होती खप घटण्याची. तो घटला नाही, उलट वाढला. लोकांनी त्या माणसांना माफ केलं. पत्रं आली, कौतुक झालं, परदेशातल्या वर्तमानपत्रांनी बातम्या केल्या.

इथं मला थोडं आपल्याकडचं बोलू द्या. आपल्या दुकानात पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच दिसतो. मात्र हातात घेतला की कळतं, वजन घटलंय. साबणाची वडी मधोमध खोलगट होते. किंमत तीच, माल कमी. जपानमध्येही पुष्कळ कंपन्या हेच करत होत्या. मला हे पटत नाही. भाव वाढवायचा तर समोर उभं राहून सांगावं, गिऱ्हाइकाला तेवढा मान द्यावा. आणि आणखी एक, पोरांना अजूनही वाण्याकडं सामान आणायला पाठवा. मोबाइलवरून मागवलेल्या सामानाचं वजन पोरांच्या हाताला कळत नाही.

असो. गारेगाराकडं वळू.

दहा येनांची माफी का मागावी लागली? कारण त्या लोकांच्या पगारातही पंचवीस वर्षं जवळपास काही वाढलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा सांगते: भाव वाढत नव्हते, आणि पगारही वाढत नव्हते. दोन्ही एकमेकांचा हात धरून थांबले होते.

थांबले कसे, ते थोडक्यात. १९८० च्या दशकात जपानमध्ये जमिनीचे आणि शेअरचे भाव आभाळाला टेकले. टोकियोतल्या राजवाड्याच्या आवाराच्या किमतीत अख्खा कॅलिफोर्निया येईल, असं तेव्हा लोक सांगत. २९ डिसेंबर १९८९ ला तिथल्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला. बँक ऑफ जपाननं, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेनं, व्याजदर सव्वा वर्षात अडीच टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर नेला आणि फुगा फुटला. तो निर्देशांक पुन्हा ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावी लागली. चौतीस वर्षं!

फुगा फुटल्यावर कंपन्यांकडं उरलं ते कर्ज. मिळेल तो पैसा कर्जफेडीत जाऊ लागला. नवी यंत्रं नकोत, नवी माणसं नकोत. माणसं नकोत म्हणजे पगार नाही, पगार नाही म्हणजे दुकानात गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानदार भाव उतरवतो. मग लोक म्हणतात, पुढच्या महिन्यात आणखी स्वस्त होईल, आज नको, मग घेऊ. आज नको, मग घेऊ. देशातली सगळी घरं असं म्हणू लागली की कारखाना बंद पडतो. माझा खर्च ही तुमची मिळकत असते, आणि तुमचा खर्च ही माझी.

कर्जदाराचं तर विचारूच नका. भाव उतरतात, पगार उतरतो, पण कर्जाचा हप्ता उतरत नाही. महागाईत जुनं कर्ज हळूहळू हलकं होतं, भावघटीत तेच कर्ज जड होत जातं. अमेरिकेनं १९२९ ते १९३३ या काळात हे भोगलं. तिथले भाव चार वर्षांत जवळपास चौथ्या हिश्श्यानं उतरले आणि शेतकऱ्यांची शेतं गहाण पडून गेली.

म्हणूनच आपली रिझर्व्ह बँकसुद्धा शून्य महागाई मागत नाही. २०१६ पासून तिचं लक्ष्य ४ टक्के आहे, खाली २, वर ६. थोडी महागाई चालेल, बेलगाम नको, भावघट तर नकोच नको.

भाव पडण्याचं दुःख ज्यांना खरोखर कळतं ती माणसं आपल्याकडंही आहेत. लासलगावच्या बाजारात जा. कांदा महागला की शहरात ओरड होते, कॅमेरे येतात. कांदा पडला की ट्रॉली रस्त्यावर रिकामी होते आणि दोन दिवसांत आपण विसरतो. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे, हमाली-तोलाई-भाडं वजा जाता, २ रुपये मिळाले. दोन रुपये, तेही चेकनं. एका पिकाची भावघट अशी असते. आता कल्पना करा, घर, जमीन, पगार, सगळ्यांचाच असा कांदा झाला तर.

जपानमध्ये सगळ्यात जास्त भोगलं ते तरुणांनी. तिथल्या कंपन्या पदवी घेऊन बाहेर पडणारी मुलं एकदम भरती करायच्या, एकदाच. ती गाडी चुकली की चुकलीच. १९९३ ते २००४ च्या सुमारास जी मुलं शिकून बाहेर पडली त्यांच्यासाठी दारं जवळपास बंद होती. त्या काळाला तिथं ‘नोकऱ्यांचं हिमयुग’ म्हणतात. लाखो मुलं हंगामी कामावर लागली आणि हंगामीच राहिली. लग्नं लांबली, मुलं झाली नाहीत, पेन्शनची खाती रिकामी राहिली. ती मुलं आज पन्नाशीच्या आसपास आहेत. बोगदे बांधणारा, गाड्या विकणारा, तेव्हा जगात दुसऱ्या नंबरची अर्थव्यवस्था असलेला देश, आणि त्याच देशातली ही माणसं. आर्थिक विकासाचे तक्ते पाहताना मला आधी ती दिसतात.

सरकार गप्प बसलं नव्हतं. १९९९ मध्ये व्याजदर जवळपास शून्यावर आणला. २००१ पासून बँक ऑफ जपान नोटा ओतू लागली. २०१३ मध्ये बँकेचे नवे गव्हर्नर हारुहिको कुरोदा म्हणाले, दोन वर्षांत २ टक्के महागाई आणून दाखवतो. ऐकलंत ना? आणून दाखवतो! दोन वर्षांत आली नाही. जानेवारी २०१६ मध्ये व्याजदर शून्याच्याही खाली नेला. आणि दोनच महिन्यांनी ते गारेगारवाले टीव्हीवर कमरेत वाकले. देशाची बँक भाव वाढावेत म्हणून जिवाचं रान करतेय, आणि देशातली कंपनी भाव वाढवल्याबद्दल माफी मागतेय. एका देशात, एका ऋतूत.

त्या शून्य व्याजाच्या जगाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपाननं कर्ज दिलं ते ०.१ टक्का व्याजानं, पन्नास वर्षांच्या मुदतीनं. त्यामागं जपानी तंत्रज्ञान विकण्याचा हेतूही होता. पण ज्या देशात घरातल्या ठेवीलाच व्याज नाही, तोच असं कर्ज देऊ शकतो.

पुढं काय झालं? महासाथीनंतर जगभर तेल, गहू, जहाजाचं भाडं महागलं. युक्रेनचं युद्ध पेटलं, येन घसरला आणि महागाई जपानच्या दारात आली. डिसेंबर २०२२ मध्ये ती ४ टक्क्यांवर गेली. एकेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. आणि मार्च २०२४. या महिन्याकडं लक्ष द्या. १ मार्चला गारिगारी-कुन ८० येन झालं. महिन्याच्या मध्यावर मोठ्या कंपन्यांतल्या कामगारांनी ५ टक्क्यांहून जास्त पगारवाढ पदरात पाडली. तेहतीस वर्षांत एवढी मिळाली नव्हती. १९ मार्चला बँकेनं उणे व्याजदर संपवला. सतरा वर्षांनी व्याज वाढलं. साठाचे सत्तर व्हायला पंचवीस वर्षं लागली होती, सत्तराचे ऐंशी व्हायला आठ.

आनंद झाला का लोकांना? पगारवाढ मोठ्या कंपन्यांत झाली. लहान कारखान्यातल्या कामगाराच्या आणि पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला आले ते वाढलेले भाव. २०२५ च्या वसंतात तांदूळ वर्षभरात दुप्पट महाग झाला, पाच किलोला चार हजार येनांच्या वर. त्यांचा तांदूळ म्हणजे आपली भाकरी. तेवढ्यात कृषिमंत्री एका सभेत बोलून गेले, की मला कधी तांदूळ विकत घ्यावाच लागत नाही, समर्थक भेट देतात, घरात भरपूर आहे. तीन दिवसांत त्यांना पद सोडावं लागलं. नव्या मंत्र्यांनी सरकारी कोठारातला जुना तांदूळ पाच किलोला दोन हजार येनांच्या आसपास विकायला काढला, आणि तो घ्यायला लोक भल्या पहाटेपासून दुकानांसमोर रांगेत उभे राहिले.

नमस्कार.