मे महिन्यातला रूळ

श्रोतेहो, नमस्कार.

३० मे २०२४ रोजी नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं आणि गावभर दुसरा विषय उरला नाही. मग हवामान खात्यानं खुलासा केला की सेन्सर बिघडला होता, आकडा चुकीचा आहे. हवेपुरतं ते बरोबरच होतं. पण मे महिन्यातल्या भर दुपारी बडनेऱ्याला किंवा बल्लारशाहला रुळाचं तापमान घेतलं, तर ५६ हा आकडा रेल्वेच्या माणसाला मुळीच नवलाचा वाटणार नाही. हवामान खातं सांगतं ते सावलीतलं तापमान. रुळाला सावली कुठली? उघड्यावर पडलेलं लोखंड हवेपेक्षा सहज पंधरा-वीस अंशांनी जास्त तापतं. म्हणजे बातम्यांत ४५ ऐकलं की रूळ साठीच्या घरात गेला असं धरून चालायचं.

आणि त्याच दुपारी भुसावळच्या फलाटावर उभे राहून आपण विचारतो, पाऊस नाही, धुकं नाही, आभाळ लख्ख मोकळं आहे, मग गाडी दीड तास उशिरा का? आज त्याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

लोखंड तापलं की वाढतं हे आपण शाळेत शिकलो. किती वाढतं ते मात्र लक्षात राहत नाही. एक किलोमीटर लांबीचा रूळ एका अंशाला साधारण साडेअकरा मिलिमीटर वाढू पाहतो. पहाटे २२ अंशांवर असलेला रूळ दुपारी ६२ वर गेला, तर चाळीस अंशांचा हिशेब होतो ४६ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट. दर किलोमीटरला दीड फूट, रोज दुपारी वाढायचं आणि रोज रात्री आटायचं.

पूर्वी यावर सोपा उपाय होता. रूळ तेरा-तेरा मीटरचे असत, दोन तुकड्यांच्या मध्ये थोडी फट सोडायची आणि फिशप्लेट लावून बोल्टनं जोडायचं. तेरा मीटरचा तुकडा चाळीस अंशांत वाढून वाढून सहा मिलिमीटर वाढणार, तो त्या फटीत मावायचा. गाडीचा तो खडाक-खडाक आवाज ऐकत आपण लहानपणी झोपी गेलो, तो या फटींचाच. ऐकायला गोड, पण रेल्वेच्या दृष्टीनं सगळी दुखणी तिथंच. चाक त्या फटीवर आपटतं, रुळाची टोकं ठेचली जातात, बोल्टची भोकं चिरतात, खालची खडी बसते. म्हणून तुकडे एकमेकांना वितळजोड करून लांबच लांब अखंड रूळ टाकायला सुरुवात झाली. आता मुख्य मार्गांवर कित्येक किलोमीटर एकही फट नसते. गाडी कशी सरकत गेल्यासारखी जाते.

मग तो दीड फूट गेला कुठं? कुठंच नाही. रुळाला वाढूच दिलेलं नाही. अखंड रुळाच्या दोन्ही टोकांना शंभरेक मीटरचा भाग काय तो मागं-पुढं होतो, त्यासाठी तिथं सरकते सांधे बसवलेले असतात. मधला सगळा रूळ स्लीपरला, म्हणजे रुळाखालच्या आडव्या ठोकळ्यांना, क्लिपांनी आवळून जागच्या जागी धरून ठेवलेला असतो. वाढायला जागा नाही, म्हणून तो आतल्या आत दाबला जातो. हा दाब मोजता येतो. मीटरला ६० किलो वजनाचा जो रूळ आपल्या मुख्य मार्गांवर आहे, त्यात एका अंशाला जवळजवळ दोन टन दाब तयार होतो. वीस-बावीस अंशांचा फरक पडला की एका रुळात चाळीस टन, दोन्ही मिळून ऐंशीच्या वर. चंद्रपूरकडून कोळसा भरून येणाऱ्या एका अख्ख्या मालडब्याचं वजन एवढंच भरतं. प्लास्टिकची पट्टी दोन्ही टोकांना धरून दाबली की ती एका क्षणी बाजूला उडते. रुळाचंही तेच होतं. सगळं सरळ दिसत असतं, आणि एकाएकी दहा-वीस मीटरमध्ये नागमोडी सळ पडतो.

इथं एक गंमत आहे. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडच्या कॉनिंग्जबी या गावी ४०.३ अंशांची नोंद झाली आणि लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून उत्तरेला यॉर्क-लीड्सकडे जाणाऱ्या गाड्या त्या दिवशी धावल्याच नाहीत. आपल्याकडे तेव्हा बरेच जण हसले. चाळीस अंश म्हणजे अकोल्यात मार्चअखेरची हवा! पण हसण्यात तितकासा अर्थ नाही. अखंड रूळ बसवताना तो एका ठराविक तापमानाला, कुठलाही ताण नसताना आवळतात. ब्रिटनमध्ये ते तापमान २७ अंश धरलं आहे, कारण त्यांचा रूळ वर्षाचे बहुतेक दिवस गारठ्यात असतो. आपल्याकडे ते त्या त्या भागाच्या हवामानावरून ठरतं. विदर्भ-खानदेशात ते चाळिशीच्या पुढंमागं असतं. तेव्हा खरा प्रश्न रूळ किती तापला हा नसतोच. आवळला होता त्या तापमानापेक्षा किती वर गेला, हे बघायचं. ६० अंशांचा रूळ भुसावळला वीस-एक अंशांनी वर असतो, आणि तोच ब्रिटनमध्ये ३३ अंशांनी.

हे आवळण्याचं काम एकदा बघण्यासारखं आहे, पण ते आपल्याला दिसत नाही. ब्लॉक घेऊन, म्हणजे त्या रुळावरच्या गाड्या तेवढा वेळ बंद ठेवून, बहुतेकदा रात्री किंवा पहाटे ते चालतं. त्याला डी-स्ट्रेसिंग म्हणतात. आधी शेकडो मीटरच्या क्लिपा काढायच्या. रूळ उचलून त्याच्याखाली छोटे रोलर सरकवायचे, म्हणजे तो स्लीपरवर अडकून राहणार नाही. मग माणसं ओळीनं लाकडी हातोड्यांनी रुळाला ठोकत जातात. त्या ठोकण्यानं कुठं अडकलेला ताण असेल तो सुटतो आणि रूळ आपल्या खऱ्या लांबीवर येतो. रुळाच्या सावलीतल्या बाजूला चुंबकानं चिकटणारा तबकडीचा थर्मामीटर लावलेला असतो. पहाटेच्या गारव्यात तो तीसच दाखवतोय आणि आपल्याला हवेत बेचाळीस, तर हायड्रॉलिक यंत्रानं रूळ दोन्हीकडून ओढून, बेचाळीस अंशांना जेवढा लांब झाला असता तेवढा लांब करायचा. तशाच ताणलेल्या अवस्थेत क्लिपा ठोकायच्या आणि जोड वितळवून पक्का करायचा. तासा-दोन तासांत हे सगळं आटोपायचं, कारण पलीकडं एखादी एक्सप्रेस सिग्नलला उभी असते.

एवढं करूनही रूळ सरळ ठेवायला एकटं लोखंड पुरत नाही. खरा भार खडीवर असतो. काँक्रीटचा स्लीपर पावणेतीनशे किलोच्या आसपास, त्याच्याभोवती आणि दोन्ही टोकांना काळ्या दगडाची खडी ठासलेली. बाजूला उडू पाहणाऱ्या रुळाला ती खडी थोपवून धरते. म्हणून गावाजवळ माणसं रोज ज्या वाटेनं रूळ ओलांडतात, गुरं जिथून उतरतात, तिथं खडी पायांनी ढकलली जाऊन स्लीपरची टोकं उघडी पडतात, आणि तेवढीच जागा उन्हाळ्यात नाजूक होते. वळणं, पुलाची तोंडं, फाटकं, सांधे बदलतात त्या जागा, हे नेहमीचे संशयित. सगळ्यात नाजूक म्हणजे नुकतीच दुरुस्ती झालेली जागा. यंत्रानं खडी उकरून पुन्हा भरली की ती काही दिवस सैल असते. वरून पुरेशा गाड्या गेल्यावरच ती घट्ट बसते. अमेरिकेत २९ जुलै २००२ ला मेरीलँडमधल्या केन्सिंग्टनजवळ 'कॅपिटॉल लिमिटेड' ही प्रवासी गाडी घसरली, ती अशीच. रुळाचं काम काही दिवसांपूर्वीच झालेलं, खडी नीट बसलेली नाही, वरून जुलैचं ऊन. म्हणून ऐन उन्हाळ्याच्या दुपारी खडीला हात लावायचा नाही, हा आपल्याकडचा कडक नियम आहे. रूळ आवळल्या तापमानापेक्षा दहा अंशांनी वर गेला की नेहमीची देखभाल थांबवतात.

जाता जाता, उन्हानं रूळ 'वितळल्याच्या' बातम्या दर उन्हाळ्यात येतात. पोलाद वितळायला दीड हजार अंशांच्या आसपास तापमान लागतं. तेव्हा ते सोडून द्या. रूळ वाकतो, आणि तेवढं पुरेसं वाईट आहे.

वाकलेला रूळ आधी कोणाला दिसतो? चालणाऱ्या माणसाला. तापमान त्या आवळल्या अंकापेक्षा वीस अंशांनी वर गेलं की उन्हाळी गस्त सुरू होते. दुपारी, ज्या वेळी गावात कुत्रं रस्त्यावर येत नाही, त्या वेळी ट्रॅकमन खडीवरून चालत असतो. डोक्याला ओला रुमाल, हातात लाल-हिरवी निशाणं, झोळीत पाणी आणि डेटोनेटर. डेटोनेटर म्हणजे रुळावर ठेवायचा फटाका. चाक वरून गेलं की तो मोठ्यानं उडतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. सळ दिसला की त्या जागी लाल निशाण लावायचं आणि येणाऱ्या गाडीच्या दिशेनं पळायचं. ६०० मीटरवर एक फटाका, १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटर अंतरानं. खडीवरून, साठ अंशांच्या रुळाशेजारून बाराशे मीटर. वातानुकूलित डब्यात बसून 'क्रॉसिंग असेल' म्हणत आपण ज्या थांबण्याला वैतागतो, त्यातलं एखादं असंही असतं.

सळ पडलाच तर गाड्या थांबतात, रूळ कापून मधला तुकडा काढावा लागतो, तास जातात. पण हे क्वचितच घडतं. रोजचा उशीर होतो तो सळ पडू नये म्हणून घातलेल्या वेगमर्यादेनं. वेग कमी का करायचा? गाडी धावते तेव्हा चाकांच्या पुढचा रूळ किंचित वर उचलला जातो, स्लीपरची खडीवरची पकड त्या क्षणापुरती ढिली होते. दाबलेल्या रुळाला बाजूला उडायला तेवढी संधी पुरते, म्हणून बरेचसे सळ गाडीखालीच पडतात. सावकाश गेलं की हादरा कमी बसतो. आणि समोर काही दिसलंच तर गाडी उभी करता येते. ताशी ११० च्या वेगात ती उभी राहायला किलोमीटरभर अंतर खाते.

आता हिशेब करू. वीस किलोमीटरचा टापू ११० नं गेलो तर अकरा मिनिटं. साठनं गेलो तर वीस. नऊच मिनिटं गेली, असं वाटेल. पण वेगमर्यादा पहिला डबा बाहेर पडून संपत नाही, शेवटचा डबा बाहेर पडावा लागतो, आणि २४ डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. खिडकीत बसत असाल तर बघा, रुळाच्या कडेला पिवळ्या फळ्या असतात. त्रिकोणीवर आकडा लिहिलेला, तो वेग. पुढं गोल फळ्यांवर टी/पी आणि टी/जी. टी म्हणजे मर्यादा संपली, पी प्रवासी गाडीसाठी आणि जी मालगाडीसाठी, कारण मालगाडी अजून लांब. त्या फळीपुढं गेल्यावर गाडी पुन्हा वेग घेते, त्यालाही दोन-तीन मिनिटं जातात. असे तीन टापू लागले की अर्धा तास सहज गेला.

आणि इथून खरी कटकट सुरू होते. अर्ध्या तासानं चुकलेल्या गाडीची वाट दुसऱ्या गाडीनं घेतलेली असते. मग ती लूप लाइनला, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, उभी. तिच्या मागं कोळशाची मालगाडी, तिच्या मागं आणखी एक. सुट्ट्यांमुळं उन्हाळी विशेष गाड्या घुसवलेल्या, त्यांना तर वेळापत्रकात खालचीच जागा. संध्याकाळी ऊन उतरतं, रूळ निवतो, वेगमर्यादा उठते, तरी रात्री अकराची गाडी एक वाजता येते, ती दुपारच्या या गुंत्यामुळं. तेव्हा मे महिन्यात निघण्याआधी १३९ वर विचारून निघावं, आणि पाणी घरून जास्त घ्यावं.

गाडीवरच्या विजेच्या तारेचंही असंच आहे. ती तांब्याची, आणि तांबं लोखंडापेक्षा दीडपट वाढतं. तार ढिली पडू नये म्हणून ठराविक अंतरावरच्या खांबांना वजनं टांगलेली असतात. तार वाढली की ती खाली सरकतात आणि तिला ताणून धरतात. कप्पी कुठं अडकली की तार लोंबते, इंजिनाच्या पँटोग्राफमध्ये, म्हणजे टपावरच्या वीज घेणाऱ्या सांगाड्यात, गुंतते, मग सगळंच ठप्प.

उन्हाळे आणखी कडक होत चालले आहेत, मग रूळ आवळायचं तापमान सरळ पन्नास का करत नाहीत, असं कोणीही विचारेल. अडचण थंडीत आहे. बेचाळीस अंशांना आवळलेला रूळ जानेवारीच्या पहाटे नागपूरला आठ-दहा अंशांवर येतो तेव्हा तो आटू बघतो, आणि आटू न दिल्यामुळं ताणला जातो. एखादा जोड किंवा जुनी चीर असेल तिथं तडकतो. मुंबईत थंडीच्या सकाळी 'रुळाला तडा, लोकल उशिरा' ही बातमी येते, ती यातूनच. मे महिन्यासाठी अंक वर नेला तर जानेवारीत तडे वाढणार. तो अंक म्हणजे दोन्हीकडून ओढाताण असलेली तडजोड आहे, आणि ज्या भागात रुळाचं वर्षभरातलं तापमान साठ-सत्तर अंशांनी वर-खाली होतं, तिथं तिला फार मोकळीक नाही. ब्रिटनमध्ये नाजूक जागी रुळाच्या बाजूंना पांढरा रंग देतात, त्यानं रूळ पाच ते दहा अंश कमी तापतो. सगळ्या मार्गाला रंग देणं कोणालाच परवडत नाही, आणि रंग मळला की फायदाही कमी होतो. तोवर भरपूर खडी, वेळेवर डी-स्ट्रेसिंग, दुपारची गस्त आणि कमी वेग, याच चार गोष्टींवर काम चालतं. पहिल्या दोन उन्हाळ्याआधी झालेल्या असल्या, तर चौथीची गरज पुष्कळच कमी पडते. त्यासाठी थंडीत ब्लॉक मिळावे लागतात, आणि ते घेतले की तेव्हाही गाड्या उशिराच धावतात.

नमस्कार.