आमच्याकडं निर्मिती होत नाही, दुरुस्ती होते

(सांगलीत छोट्या व्यावसायिकांच्या मेळाव्यात एका मोटार वाइंडिंगवाल्यानं केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. माइक येतोय ना मागं? मागच्यांना मी दिसत नसलो तरी बिघडत नाही, बाहेर फ्लेक्सवर आहे मी. त्या फोटोत मी दहा वर्षांनी लहान आणि दोन हात गोरा आहे, तेव्हा प्रतिमानिर्मिती काय असते ते तुम्हाला दारातच कळलं असेल. विषय मोठा दिलाय: 'लघुव्यवसायांसाठी वेबसाइट आणि प्रतिमानिर्मिती'. फोन आला तेव्हा मी संयोजकांना म्हटलं, अहो, मी वाइंडिंगवाला, जळालेल्या मोटारीत नवी तार भरणारा. आमच्याकडं निर्मिती होत नाही, दुरुस्ती होते. ते म्हणाले, मग दुरुस्तीवर बोला.

तेव्हा आधी बिघाड सांगतो. तुमच्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी विहिरीवरची मोटार आमच्यासारख्याच्या दारात आणून टाकली असेल. तीन फेजपैकी एक गेली, स्टार्टरनं वेळेत तोडलं नाही, मोटार उरलेल्या दोन फेजवर घोंगावत राहिली आणि कॉईल जळाली. खोट बाहेर, जळते मोटार. आमची पहिली वेबसाइट अशीच जळाली.

२०१५ च्या सुमाराची गोष्ट. ओळखीतला एक मुलगा आला. नाव सांगत नाही, त्याला आता दोन लेकरं आहेत. म्हणाला, "काका, वेबसाइट नसेल तर धंदा दिसत नाही." मी म्हटलं, दिसतोय की, दारात चौदा मोटारी पडल्यात, तू एकीवरच बसलायस. पण घरच्यांना पटलं आणि घरी पटलं की माझं मत विचारायची पद्धत आमच्याकडं नाही. पैसे दिले. पंधरा दिवसांनी त्यानं साइट उघडून दाखवली. पहिल्याच पानावर पिवळी हेल्मेटं घातलेली चार गोरी माणसं एकमेकांचे हात हातात घेऊन हसतायत, मागं काचेची इमारत. मी चष्मा पुसला. हे कोण रे? म्हणाला, "काका, ही तुमची टीम." माझी टीम म्हणजे एक मिस्त्री, बावीस वर्षं बनियनवर काम करतोय, आणि एक पोरगा, जो जेवायच्या सुट्टीत फार हुशार असतो. काचेची इमारत तर सोडाच, आमच्या शटरचा एक पत्रा कायम वर राहतो.

खाली इंग्रजी मजकूर. मुलीकडून वाचून घेतला. आम्ही म्हणे 'जागतिक दर्जाची सोल्युशन्स' पुरवतो. शेजारी पंक्चरवाला बसतो, त्याच्या कानावर गेलं. तो दुसऱ्या दिवशी हातात ट्यूब घेऊन आला, "मालक, सोल्युशन आम्ही लावतो, तुम्ही कधीपासून?" मग आमचं 'मिशन' होतं, 'व्हिजन' होतं. त्या वर्षी माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला होता, व्हिजनबद्दल मी काय सांगणार? साइटच्या तळाला एक आकडा असायचा, किती जण येऊन गेले त्याचा. दोनशे बारापर्यंत गेला. त्यातला दोनशे वेळा मीच. आणि एक दिवस त्या साइटचं नावच हातातून गेलं. त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो, आत्ता सांगितलं तर माझा बीपी वाढतो.

हसताय, पण हा प्रतिमेचा धंदा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात. का? तर लोखंडानं जमीन विषारी होते, अशी समजूत. नांगरात खोट नव्हती. अडचण प्रतिमेची होती, फक्त तेव्हा तिला हा शब्द नव्हता. पुढं १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९२० साली त्या कारखान्यातून काय बाहेर पडलं? मासिक! 'किर्लोस्कर खबर'. शंकरराव किर्लोस्कर संपादक. कारखान्याचं घरचं पत्रक म्हणून सुरू झालेली गोष्ट, तिचं पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० साली 'स्त्री' आलं, १९३४ साली 'मनोहर'. म्हणजे नांगर आणि पंप विकणाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं की माणूस आधी आपलं म्हणणं ऐकतो, मग माल बघतो. आमच्या आत्याकडं 'स्त्री'चे बांधलेले अंक होते. त्यांना वाळवी लागली तेव्हा ती रडली होती. नांगर गंजला म्हणून कुणी रडल्याचं मी ऐकलेलं नाही. असो, हे माझं आवडतं कीर्तन आहे, यात मी वाहवत जातो.

वाहण्यावरून आठवलं. आपल्या सांगलीत पावसाळ्यात माणूस माणसाला 'बरं आहे का' विचारत नाही, 'आयर्विनला किती?' विचारतो, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर. ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ च्या वर गेलं. आमचं जुनं दुकान मारुती चौकाच्या बाजूला, आढ्यापर्यंत पाण्यात. मोटारी भिजल्या तर भट्टीत वाळवता येतात, उधारीची वही वाळवता येत नाही. ज्यांनी आपणहून आठवून पैसे आणून दिले त्यांना इथूनच नमस्कार, त्यातले दोघे समोर बसलेत. ज्यांनी दिले नाहीत तेही बसलेत.

आम्ही बिऱ्हाड उचललं आणि कुपवाड रोडला आलो. पाटी नवी, शटर नवं. पण नकाशा? मोबाइलमधला नकाशा दीड वर्ष जुनीच जागा दाखवत होता, कारण ती बदलायची असते हेच मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, एवढा पूर आला, त्यांना कळलं असेल! जुन्या जागेत तोवर बांगड्यांचं दुकान आलेलं. एक दिवस जतकडचे एक पाहुणे छोट्या टेम्पोत पाच एचपीची मोटार घालून, नकाशा बघत बघत त्या दुकानापुढं उभे राहिले. आत जाऊन म्हणाले, "वहिनी, मोटार भरायची होती." त्या म्हणाल्या, "दादा, इथं फक्त बांगड्या भरतात."

हसा, हसा. ते पाहुणे हसले नव्हते. उभं पीक वाळत असताना माणूस तीन तास गाडी हाकत येतो आणि बांगड्यांपुढं उभा राहतो. त्यांनी फोनवर मला जे ऐकवलं ते इथं महिलावर्ग बसला असल्यामुळं सांगत नाही. पण त्या दिवशी मी एक शंभरपानी वही घातली. आज मला खरं एवढंच सांगायचंय, बाकी सगळं फ्लेक्सवाल्यांसाठी. आठ दिवस, जो फोन येईल त्यानं काय विचारलं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. 'दुकान नेमकं कुठं?' 'आज उघडं आहे का?' 'अमावस्येला असता का?' शेतीची लाइट रात्रीची असली की माणूस सकाळी सातला दारात येतो, म्हणून 'किती वाजता उघडता?' 'आज टाकली तर कधी मिळणार?' 'तीन एचपीला काय घेता?' 'सबमर्सिबल करता का?' आठ दिवसांत एकानंही माझं मिशन विचारलं नाही.

आणि एक प्रश्न असा, जो कुणी पुरता विचारत नव्हतं. "मालक, ती जुनी तार... नाही, तसं काही नाही, सहज आपलं." हा सहज नसतो, मंडळी. मोटार जळाली की जुनं वाइंडिंग कापून काढायचं, नवी तार भरायची. जळालेली तार तांब्याची. भंगारात तिला चांगला भाव येतो. ती कुणाची? गिऱ्हाइकाची की मिस्त्रीची? काही ठिकाणी मजुरी कमी सांगतात आणि तांबं ठेवून घेतात, काही ठिकाणी मजुरीही पुरती घेतात आणि तांबंही. मग सगळ्या धंद्याचंच नाव होतं की वाइंडिंगवाला तांबं मारतो. पंचवीस वर्षं मी ही शंका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघत होतो आणि चहा पाजून ती मिटवत होतो. चहानं मिटत नाही.

मी काय केलं? दारात वजनकाटा ठेवला. तार काढली की गिऱ्हाइकासमोर काट्यावर, आकडा दिसेल असा फोटो त्याच्या मोबाइलवर. आणि नव्या साइटवर पिवळ्या हेल्मेटांच्या जागी त्याच काट्याचा फोटो, खाली दोन ओळी: 'जळालेलं तांबं तुमचं. घेऊन जा, नाहीतर त्या दिवसाच्या भावानं बिलातून वजा करतो.' फोटोत मिस्त्रीचा हात आलाय, नखात वार्निश आहे. काढला नाही. नंतर तासगावकडचा एक द्राक्षवाला मोबाइलवर तोच फोटो उघडून दारात आला, म्हणाला, "हा काटा कुठाय?" मला विचारलंच नाही, काट्याला भेटायला आला होता. सगळं गोडच झालं असंही नाही. जुनं एक गिऱ्हाईक म्हणालं, "आत्ता काटा लावलास, म्हणजे याआधीचं माझं तांबं?" याला उत्तर नव्हतं. पुढच्या मोटारीची मजुरी सोडली. आणि धंद्यातला एक स्नेही माझ्याशी बोलायचा थांबला तो अजून...

चिठ्ठी आली. 'सात मिनिटे. अध्यक्षांना मिरजेहून गाडी आहे.' बरं. म्हणजे ज्या विषयासाठी बोलावलं तो आता पळत पळत.

वहीतले प्रश्न आणि त्यांची उत्तरं, हीच तुमची वेबसाइट. एक पान पुरतं. मराठीत लिहा, गिऱ्हाईक म्हणतं ते शब्द लिहा: लोक 'मोटार वाइंडिंग' शोधतात, 'सोल्युशन' शोधणारा पंक्चरवाल्याकडं जातो. फोन नंबर फोटोत छापू नका, अक्षरांत टाका, म्हणजे बोट लावलं की फोन लागतो. फोटो आपलेच, पण हलके करून चढवा, शिवारात रेंज एका काडीची असते आणि पान उघडेपर्यंत माणूस दुसऱ्याला फोन लावतो. काय करत नाही तेही लिहा. आम्ही मिक्सर, पंखे घेत नाही असं लिहिल्यापासून माझे रोजचे निम्मे फोन आणि निम्मी भांडणं गेली. भाव पक्का सांगता येत नसेल तर 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' सांगा, आणि तो कशानं वाढतो ते सांगा.

नकाशावरची नोंद गुगलवर फुकट होते. आज रात्री घरी जाऊन स्वतःचं दुकान शोधून बघा, पिन दुसऱ्याच्या दारात निघेल. वेळा, सुट्टीचे दिवस बदलत राहा. कुणी वाईट लिहिलं तर एकदाच, शांतपणे, काय झालं ते लिहून उत्तर द्या. मेव्हण्याकडून पाच तारे लावून घेऊ नका, सगळ्या गल्लीला तुमचा मेव्हणा माहीत असतो. व्हॉट्सॲपचं धंद्याचं वेगळं ॲप २०१८ पासून आहे. त्यात वेळ, पत्ता, दरपत्रक घालून ठेवता येतं, ज्यांना साइट नको त्यांनी तेवढं तरी करा.

आता ते नाव. वेबसाइटचं नाव विकत मिळत नाही, मुदतीनं मिळतं, वर्षावर्षाच्या हिशेबानं. मुदत भरली की थोडे दिवस सवलत, मग कुणीही उचलावं. माझं नाव त्या मुलानं स्वतःच्या मेलवर, स्वतःच्या मोबाइलवर घेतलेलं. आठवणीचे मेल त्याला गेले, तो तेव्हा नोकरीला पुण्यात. नाव सुटलं आणि कुणीतरी उचललं. मला कळलं कवठेमहांकाळच्या एका गिऱ्हाइकाकडून: "मालक, वाइंडिंग सोडून पत्त्यांचा क्लब काढला का?" उघडून बघतो तर परक्या भाषेत जुगार, वर माझ्या दुकानाचं नाव! तेव्हा नाव स्वतःच्या मेलवर घ्या, पासवर्ड घरातल्या दोघांना माहीत असू द्या, मुदतीची तारीख विम्याच्या हप्त्याशेजारी लिहा. २०१४ पासून शेवटी 'डॉट भारत' असलेलं देवनागरी नावही घेता येतं. कुठलंही घ्या, फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्याला बरोबर लिहिता आलं पाहिजे. माझं जुनं सांगताना तीनदा स्पेलिंग करावं लागायचं.

उठतो, उठतो. एकच. त्या जुन्या नावाची दोन हजार लेटरपॅड छापली होती, घरी वरच्या मजल्यावर होती म्हणून पुरातून वाचली. अजून संपली नाहीत, प्रत्येकावर ती ओळ पेनानं खोडतो. आजची टिपणंही त्याच्याच मागं आहेत. कुणाला पत्ता हवा असेल तर कागद टेबलावर ठेवतोय. वरचा छापलेला उघडू नका, खालचा हातानं लिहिलेला घ्या.