कृमींची मेजवानी आणि आयती विद्या

श्रोतेहो, नमस्कार. पोहणे, वाद्यवादन किंवा एखादी परकी भाषा उद्या थेट मेंदूत उतरवून घेता येईल, अशी भाकिते आपल्या कानांवर वारंवार पडतात. ही आशा जुनीच आहे, आणि तिची सर्वांत रंजक कथा एका चपट्या कृमीची आहे.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात जेम्स मॅक्कॉनेल हे मानसशास्त्रज्ञ प्लॅनेरिया नावाच्या कृमींना शिकवीत असत. दिवा लागला की पाठोपाठ विजेचा झटका, असे अनेकदा झाल्यावर नुसता दिवा लागताच कृमी अंग आक्रसून घेई. मग त्यांनी शिकलेल्या कृमींचे दोन तुकडे केले. या प्राण्याच्या शेपटीकडच्या तुकड्यालाही नवे डोके आणि नवा मेंदू फुटतो. आणि तशा कृमीलाही जुना धडा आठवतो, असे त्यांनी 1959 साली जाहीर केले. मॅक्कॉनेल एवढ्यावर थांबले नाहीत. 1962 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी शिकलेल्या कृमींचे बारीक तुकडे भुकेल्या, अशिक्षित भाऊबंदांना खाऊ घातले, आणि खाणाऱ्यांनी तोच धडा अधिक लवकर गिरवला, असा दावा केला. गुरूलाच खाऊन विद्या मिळवावी, ही कल्पना कोणत्याही आळशी शिष्याला भुरळ घालील अशीच होती. मॅक्कॉनेल यांच्या नियतकालिकात गंभीर शोधनिबंधांबरोबर थट्टेचे लेखही असत आणि वाचकांचा गोंधळ होऊ लागल्यावर थट्टेचा भाग उलटा छापला जाऊ लागला. आजच्या रूक्ष संशोधनपत्रिकांना अशा चार पानांची नितांत गरज आहे, असे माझे मत आहे. असो.

पुढे इतर प्रयोगशाळांना हे निष्कर्ष भरवशाने मिळेनात. आठवण आरएनए या रेणूत साठते, या समजुतीने उंदरांवरही प्रयोग झाले; परंतु 1966 साली 23 संशोधकांनी एकत्रित पत्र लिहून हाती काहीच लागले नसल्याचे कळवले. 2018 साली समुद्री गोगलगाईंत आरएनए टोचून एकीचे बिचकणे दुसरीत उतरल्याचे दाखवण्यात आले खरे, परंतु बिचकणे म्हणजे पोहणे नव्हे.

कौशल्य असते ते चेतापेशींच्या जोडण्यांत. मानवी मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आहेत आणि प्रत्येकाच्या जोडण्या त्याच्या स्वतःच्या सरावातून घडलेल्या असतात. पुन्हा सांगतो, कौशल्य जोडण्यांत असते. त्यामुळे एकाच्या मेंदूतील मांडणी दुसऱ्याच्या मेंदूत जशीच्या तशी बसणार नाही.

मग भविष्यात काय शक्य आहे? 2011 साली अमेरिकी आणि जपानी संशोधकांनी स्वयंसेवकांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून, पडद्यावरचे वर्तुळ केवळ मनाने मोठे करण्यास सांगितले. मेंदूच्या दृष्टिभागातील हालचाल संशोधकांनी ठरवलेल्या नमुन्याशी जितकी जुळे, तितके वर्तुळ वाढे. आपण काय शिकत आहोत हे ठाऊक नसतानाही त्या लोकांना ठरावीक कोनात कललेल्या रेषा अधिक चांगल्या ओळखता येऊ लागल्या. मला हीच वाट खरी वाटते, मात्र याही प्रयोगात मेंदूत बाहेरून काहीच भरले गेले नव्हते, आणि त्या स्वयंसेवकांना रोज यंत्रात पडून सराव करावाच लागला होता.