शेतातलं खापर कुठून आलं?

[दृश्य : घोड नदीकाठचं नांगरलेलं रान, सकाळचं तिरपं ऊन]

रब्बी निघाली, नांगरट झाली आणि वळवाची एखादी सर पडून गेली, की पुरातत्त्वाच्या पाहणीला रान तयार होतं. त्याआधी खापर, खडा, ढेकूळ सगळं धुळीच्या एकाच रंगाचं दिसतं. पावसाने ढेकळं विरतात आणि खापरं धुऊन वर येतात. पेरणीपर्यंतचे थोडे दिवसच हातात असतात.

याच नदीकाठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं. भीमा, प्रवरा, गोदावरीच्या खोऱ्यांतही अशा वस्त्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरींवर आज ऊस, कांदा, ज्वारी उभी असते.

शोधाची सुरुवात गावातल्या जाणत्या माणसांना विचारूनच करावी : पांढरी कुठे आहे? काळ्या रानात मध्येच उंचवटा, माती राखाडी आणि भुसभुशीत. राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून झालेली ही जुनी वस्तीची जागा. गोची अशी, की ही माती पिकाला मानवते. गाड्याच्या गाड्या भरून ती लांबच्या शेतांत टाकली गेली, आणि तिच्यातली तीन हजार वर्षांपूर्वीची खापरंही तिकडे गेली. शेणखतातून गावातली फुटकी मडकी येतात, तलावाच्या गाळातून आणखी कुठली. म्हणून एक सुंदर खापर हाती लागलं, एवढ्याने काहीच ठरत नाही.

[दृश्य : ओळीने चालणारी माणसं, जमिनीत खोवलेल्या झेंड्या]

पाच-पाच मीटर अंतर ठेवून माणसं एका रेषेत चालतात. जिथे वस्तू दाट, तिथे १० बाय १० मीटरचे चौकोन आखून प्रत्येक चौकोनातलं सगळं वेचायचं. पिशवीवर गट नंबर, चौकोन आणि तारीख. फक्त नक्षीची खापरं उचलली, तर मोजणी तिथेच फसते. कौलं, काच, चिनी मातीचे तुकडेही मोजायचे. खत कुठवर पसरलं, ते त्यांच्यावरूनच कळतं.

मग नकाशा बोलू लागतो. खतातून आलेली खापरं रानभर विरळ, सारखी पसरलेली असतात. गाळातली बहुधा बांधाशी थांबतात. खरी वस्ती मात्र मध्ये दाट, कडेला विरळ, आणि बांधाला न जुमानता शेजारच्या शेतात शिरलेली. तिथे खापरांच्या कडा कमी झिजलेल्या असतात आणि सोबत हाडं, जात्या-पाट्यांचे तुकडे, कुडाचा ठसा उमटलेली भाजकी मातीही मिळते.

या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांचं जोर्वे खापर (प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून हे नाव) ओळखायला सोपं : लाल पृष्ठ, त्यावर काळी भौमितिक नक्षी, टिचकी मारली की खणखणीत आवाज. दगडी हत्यारांत जास्त चूक होते. गारगोटी नांगराच्या फाळानेही फुटते. समांतर कडांचं पातं, आघाताच्या जागी फुगवटा, कडेवर बारीक टवके काढलेले दिसले, तरच ते माणसाचं काम.

[दृश्य : चाचणी खड्डा, दोरीचे कोपरे]

खोदण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना आणि शेतकऱ्याची संमती, दोन्ही लागतात. खड्डा २ बाय २ मीटर. नांगराने हललेला वरचा थर वेगळा काढून ठेवायचा, मग दहा-दहा सेंटिमीटरने खाली. माती ५ मिलिमीटरच्या चाळणीतून. गारगोटीची बारीक हत्यारं दिसू लागली की २ मिलिमीटरच्या. ओली काळी माती चाळणीत लिंपून बसते. ती खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवून धुतली, तर जळके दाणेही तरंगून वर येतात. इनामगावात असे सातूचे दाणे मिळाले आहेत.

काळ्या जमिनीचा सगळ्यात मोठा दगा म्हणजे भेगा. उन्हाळ्यात त्या मीटरभरही खोल जातात, आणि वरचं खापर, प्लास्टिकसुद्धा, थेट तळाशी पोचतं. त्यामुळे नुसत्या खोलीवरून वय ठरवू नये. भेगेतून पडलेलं खापर पुष्कळदा उभं असतं आणि भोवतीची माती सैल. आडवी, एका पातळीवर पसरलेली खापरं, चोपलेली जमीन, चूल, राखेचा थर हाच भरवशाचा पुरावा. खड्ड्याची भिंत उन्हात तडकते. सकाळीच खरवडून, पाणी शिंपडून तिचा फोटो घ्यावा.

खड्डा रिकामा निघाला, तरी लगेच निकाल देऊ नये. वस्ती पुराच्या गाळाखाली खोल असू शकते. शेजारी नवी विहीर खणली असेल, तर तिचे थर पाहून घ्यावेत. आणि तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन कुंभ दिसले, तर काम थांबवायचं. इनामगावात लहान मुलांची दफनं अशीच मिळाली. ती उघडणं पूर्ण उत्खननाचं काम आहे.

खड्डा बुजवतानाही क्रम पाळायचा : खालची माती खाली, नांगराचा थर वर. उलट झालं तर तेवढ्या जागेत पीक खुरटतं, आणि पुढच्या पाहणीला शेतकरी बांधावरूनच परत पाठवतो.