आधी बाकांचा नकाशा काढा

(माध्यमिक शिक्षकांच्या एका तालुकास्तरीय कार्यशाळेत दिलेलं व्याख्यान, किंचित संपादित करून)

नमस्कार. सकाळी तुम्ही जमा केलेले संशोधन आराखडे मी जेवणाच्या सुट्टीत वाचले. बऱ्याच आराखड्यांचं शीर्षक साधारण एकच आहे : ‘इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांमधील प्रेरणेचा अभाव : कारणे व उपाय’. मला या शीर्षकाची काळजी वाटते. त्यात निकाल आधीच लागलेला आहे. अभाव मुलांमध्ये आहे हे ठरलं, उपाय आपल्याकडे आहेत हेही ठरलं. मग शोधायचं काय उरलं?

नववी निवडलीत हे मात्र योग्य केलंत. शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंत मुलाचा हात धरतो, नववीत तो हात सुटतो. त्याच वर्षी गणित अवघड होतं, दहावीची धास्ती घरात शिरते आणि कितीतरी घरांत मुलांच्या अंगावर कामं पडू लागतात. मूल वर्गात गप्प बसलं की आपण म्हणतो, ‘याला प्रेरणाच नाही.’ पण प्रेरणा काही डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते एवढंच : कोण हात वर करतं, कोण उत्तर चुकल्यावर पुन्हा प्रयत्न करतं, कुणाची वही कोरी राहते, कोण तास संपल्यावर टेबलापाशी घुटमळतं. संशोधनाचा प्रश्न या दिसणाऱ्या गोष्टींतून उभा करायचा.

माझाच एक अनुभव सांगते. वीसेक वर्षांपूर्वी मी नववीला गणित शिकवायचे. गृहपाठ येत नव्हते म्हणून योजना काढली : महिनाभर रोज गृहपाठ पूर्ण करणाऱ्याला एक पेन. पहिल्याच महिन्यात वह्यांचा ढीग टेबलावर मावेना. मी त्याचा अहवाल लिहिला, बैठकीत वाचून दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जानेवारीत पेनांचे पैसे संपले. फेब्रुवारीतला ढीग योजनेच्या आधीपेक्षाही लहान होता. त्या वर्गात एक मुलगी होती. वहीच्या मागच्या पानांवर ती आपणहून जास्तीची उदाहरणं सोडवायची, कुणी सांगितलेलं नसताना. एक दिवस तिने ते पान मला दाखवलं आणि विचारलं, “बाई, हे गृहपाठात धरणार का?” ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

पुढे वाचताना कळलं की हे इतरत्र रीतसर तपासलं गेलं होतं. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिलं, तर बक्षिसाचं आधी ठरवून घेतलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. १९९९ साली डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी अशा १२८ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसाने आतली ओढ कमी होते, मनापासूनच्या कौतुकाने मात्र ती सहसा वाढते, असं त्यांना दिसलं. यावर वादही झाले आहेत. आणि आपण एक लक्षात ठेवायला हवं : ती बालवाडीतली मुलं होती आणि त्यांना चित्रकला मुळातच आवडत होती. नववीतल्या ज्या मुलाला बीजगणिताचा धसका आहे, त्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. म्हणून तर आपल्या शाळेतलं संशोधन आपण करायचं.

आता माझ्या पेनांकडे परत येऊ. पेन बंद झाले म्हणून गृहपाठ कमी झाले, असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे शाळेचं वेळापत्रक विस्कटतं. शेजारच्या तुकडीत, जिथे पेन नव्हते, तिथे काय झालं याची नोंद मी ठेवलीच नव्हती. योजनेच्या आधी रोज किती वह्या यायच्या, तेही अंदाजानेच. अहवाल होता, पुरावा नव्हता.

तुमच्या आराखड्यांत आणखी एक चूक सारखी दिसते. पहिल्या घटक चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली दहा मुलं निवडायची, उपक्रम राबवायचा, दुसऱ्या चाचणीत त्यांचे गुण वाढले की उपक्रम यशस्वी. पण त्या दहांतलं कुणी पहिल्या चाचणीला तापाने फणफणलं असेल, कुणाच्या घरी त्या आठवड्यात भांडण असेल. फक्त तळाची मुलं निवडली की पुढच्या वेळी त्यांची सरासरी थोडीफार वर येणारच, आपण काहीही केलं नाही तरी. म्हणून संपूर्ण वर्ग घ्या आणि शक्य असेल तर दोन तुकड्या घ्या. एका तुकडीत बदल आत्ता, दुसरीत चार आठवड्यांनी. कुणावर अन्याय होत नाही आणि तुलनाही मिळते.

शिक्षकांच्या प्रेरणेचा विषय काढला की सभागृहात शांतता पसरते. आत्ताही पसरली आहे. मतदारयादीचं काम, रोजच्या ऑनलाइन माहित्या, विनाअनुदानित तुकडीवर वर्षानुवर्षं अपुऱ्या पगारावर काढलेले दिवस, हे सगळं तुम्ही जगता आहात. त्यात मुख्याध्यापक प्रश्नावली वाटतात : ‘आपणास अध्यापनातून आनंद मिळतो का?’ खाली नाव आणि सही. त्यावर खरं उत्तर कोण लिहील? शिक्षकांकडून माहिती घ्यायची तर निनावी घ्या आणि ती शाळेबाहेरच्या व्यक्तीने उघडावी. त्याहून बरं म्हणजे मोजता येईल ते विचारा : या आठवड्यात तुमचे किती तास बुडाले आणि कशामुळे? मुलांच्या बाबतीतही हेच. गुण ज्याच्या हातात आहेत त्याच्यासमोर मूल खरं सांगत नाही. चिठ्ठी बिननावाची हवी, ‘नाही लिहायचं’ म्हणण्याची मोकळीक हवी आणि पालकांना आधी कळवलेलं हवं.

डेसी आणि रायन यांच्या मांडणीत माणसाच्या तीन गरजा येतात : स्वतः ठरवण्याची मुभा, आपल्याला जमतंय ही जाणीव आणि आपलेपणा. या गरजा मुलाच्या आहेत तशा शिक्षकाच्याही आहेत. वरून आलेल्या पत्रामुळे संशोधन करणाऱ्या शिक्षकाची पहिली गरज तर सुरुवातीलाच मारली जाते. त्यामुळे ‘शिक्षकांची प्रेरणा’ आणि ‘विद्यार्थ्यांची प्रेरणा’ असे दोन वेगळे प्रकल्प काढू नका. दोघांना एकदम स्पर्श करणारा एक छोटा बदल शोधा.

असा एक बदल मला फार आवडतो. मेरी बड रो या अमेरिकेतल्या विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक होत्या. १९७० च्या दशकात त्यांनी वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते, मग स्वतः उत्तर सांगत किंवा दुसऱ्याकडे वळत. तोच वेळ तीन सेकंद किंवा अधिक केला की मुलांची उत्तरं लांब झाली, गप्प राहणं कमी झालं, जी मुलं मागे मानली जात तीही बोलू लागली. आणि शिक्षकही बदलले. त्यांचे प्रश्न सुधारले, काही मुलांकडून असलेल्या त्यांच्या अपेक्षा उंचावल्या. ज्या मुलाकडून काही येणार नाही असं वाटायचं, त्याच्याकडून आलं की शिक्षकाच्या अंगातही बळ येतं.

याचा आराखडा कसा करायचा ते सांगते. जुलैच्या मध्यापासून सुरू करा, गणपतीच्या सुट्टीच्या आत संपेल असं बघा. पहिले दोन आठवडे शिकवण्यात काहीच बदल करायचा नाही, फक्त नोंद. कोऱ्या कागदावर वर्गातल्या बाकांचा नकाशा काढायचा. आठवड्यातून एका तासाला सहकारी शिक्षक मागे बसेल आणि जे मूल बोलेल त्याच्या जागी ठिपका देईल. माझ्या वर्गाचा असा पहिला नकाशा मी पाहिला तेव्हा ठिपके सगळे पुढच्या बाकांवर गर्दी करून होते आणि खिडकीकडच्या मुलींच्या रांगेत एकही नव्हता. मी त्या रांगेजवळून रोज फिरत होते. मला वाटायचं, माझा वर्ग बोलका आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून एका तुकडीत थांबायला सुरुवात. मनातल्या मनात एक, दोन, तीन म्हणायचं. सुरुवातीला ते तीन सेकंद फार मोठे वाटतात. रोज संध्याकाळी चार ओळी लिहा : आज कुणाचं उत्तर अनपेक्षित होतं, आज मला वर्गातून बाहेर पडताना कसं वाटलं. ही शिक्षकाची बाजू, आणि ती नकाशाइतकीच महत्त्वाची आहे.

आणि सुरू करण्याआधी एक वाक्य लिहून, तारीख घालून सहकाऱ्याकडे द्या : ‘चार आठवड्यांनी मागच्या दोन रांगांतले ठिपके वाढले नाहीत, तर ही पद्धत माझ्या वर्गात चालली नाही असं मी लिहीन.’ हे वाक्य लिहायला हात जड होतो, पण नंतर ठिपक्यांचा हवा तसा अर्थ लावायचा मोह त्यानेच आवरतो.

आता कागद वाटले आहेत. त्यावर तुमचं नाव नको, शाळेचंही नको. तुमच्या नववीच्या वर्गाचे बाक काढा. शेवटच्या तासाला ज्या मुलांचा आवाज ऐकलात, त्यांच्या जागी ठिपका द्या. ज्या जागेवर कोण बसतं तेच आठवत नाही, तिथे रिकामं वर्तुळ काढा. पंधरा मिनिटं आहेत, सुरू करा.